मराठी मुलांची मानके कोण काढणार? मानसशास्त्र परिषदांना एक सूचना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बौद्धिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी मूल तपासायला आणले जाते, तेव्हा महाराष्ट्रात आजही बऱ्याच ठिकाणी मानसतज्ज्ञाच्या टेबलावर दोनपैकी एक बुद्धिमापन चाचणी निघते: बिने-कामत किंवा मालीन. दोन्ही आपल्याच भागात घडल्या. व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांवर बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची चाचणी बसवली आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. फादर मालीन यांनी १९६०च्या दशकात नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रात वेक्सलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९४९च्या चाचणीला इंग्रजी, हिंदी आणि मराठीत भारतीय रूप दिले. त्या काळाच्या मानाने दोन्ही कामे थोर होती. पण मापाची पट्टी तेव्हाची आणि मूल आजचे, ही गोष्ट आता गंभीर झाली आहे.

कारण साधे आहे. बुद्धिमापन चाचणीतला गुण स्वतंत्रपणे काहीच सांगत नाही. त्या वयाच्या इतर मुलांच्या गुणांशी तुलना केली की त्याला अर्थ येतो. या तुलनेच्या तक्त्याला मानके म्हणतात. विसाव्या शतकात अनेक देशांत मुलांचे गुण दर दशकाला सुमारे ३ ने वाढत गेले (अलीकडे काही देशांत ही वाढ थांबली आहे). मराठी मुलांत हा वेग किती, हे ताजी मानके काढल्याशिवाय सांगता येत नाही. पण वाढ त्याच्या निम्मी धरली तरी पन्नास वर्षांत ७ ते ८ गुणांचा फरक पडतो. म्हणजे आजच्या मुलांच्या तुलनेत ज्याचा बुद्ध्यंक ६५ भरेल, त्याला जुना तक्ता ७२-७३ देतो. दाखल्यासाठी ७० ही रेषा असताना या फरकाने दाखला अडतो, आणि त्याबरोबर शिष्यवृत्ती, विशेष शिक्षक, सवलतीचा पास हेही अडते. बिने-कामतमध्ये आणखी एक अडचण आहे. तिथे बुद्ध्यंक अजून मानसिक वय भागिले प्रत्यक्ष वय, गुणिले शंभर असाच काढतात. या पद्धतीत गुणांचा पसारा वयागणिक बदलतो. त्यामुळे सहाव्या वर्षीचे ७० आणि बाराव्या वर्षीचे ७० एकाच पातळीचे असतीलच असे नाही.

ताजी मानके काढण्याचे काम करायचे कोणी? आमचे म्हणणे असे की, ते प्रादेशिक विद्वत्संस्थांचे आहे: मराठी मानसशास्त्र परिषद, मुंबईची बॉम्बे सायकॉलॉजिकल असोसिएशन, जिल्ह्याजिल्ह्यांतली मानसशास्त्र शिक्षकांची मंडळे. पुणे विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग १९५० पासून आहे, मुंबईत उपयोजित मानसशास्त्राचा १९५९ पासून आणि ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून. ज्ञानाची उणीव नाही. पण एकटा विभाग किंवा एकटे महाविद्यालय मानके काढू शकत नाही, याला आकड्यांचे कारण आहे. अखिल भारतीय संस्थांचा, म्हणजे १९२४ साली कलकत्त्यात निघालेल्या इंडियन सायकॉलॉजिकल असोसिएशनपासून १९८९च्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायकॉलॉजीपर्यंत सगळ्यांचा, व्यवहार इंग्रजीत चालतो. खासगी प्रकाशकाला इंग्रजी आणि फार तर हिंदीत बाजार दिसतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-अक्षमतेसाठी काढलेल्या ‘डाली’ संचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठी आहे. मनात आणले तर होते, याचा तो पुरावा. पण प्रत्येक क्षमतेसाठी मानेसरकडे बघत बसायचे का?

आता आकडे. समजा ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी मानके हवी आहेत, म्हणजे सात वयोगट. प्रत्येक वयाची १०० मुले घेतली आणि ७०ची रेषा थेट त्या गुणांवरून काढली, तर तिच्यात सुमारे ४ गुणांची प्रमाणत्रुटी (नमुना बदलला की आकडा साधारण किती हलतो, त्याचे माप) राहते. दोन्ही बाजूंना तिच्या दुप्पट अंतर धरतात, म्हणजे रेषा खरी ६२ वर आहे की ७८ वर, हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. २०० मुले घेतली की त्रुटी ३च्या खाली येते. सातही वयांचे गुण एकत्र घेऊन वयाबरोबर सलग वक्र बसवण्याची आजची पद्धत वापरली, तर ती आणखी कमी होते. तेव्हा किमान १,४०० मुले लागतील.

ही १,४०० मुले आणायची कुठून, इथे महाविद्यालयीन संशोधन गडबडते. प्राध्यापक ओळखीच्या चार-पाच शाळांत जातात आणि प्रत्येकीतून एकेका इयत्तेची तीस-चाळीस मुले घेतात. एका शाळेची मुले मात्र एकमेकांसारखी असतात: वस्ती तीच, शिक्षक तेच, घरचे उत्पन्न साधारण सारखे. शाळाशाळांतला फरक एकूण फरकाच्या एक दशांश आहे असे धरले, तर एका शाळेतली एकाच वयाची ३० मुले माहितीच्या हिशेबात जेमतेम ८ मुलांएवढी भरतात. कागदावर नमुना १,४००चा दिसतो आणि प्रत्यक्षात असतो चारशेच्याही खाली. यावर उपाय एकच, शाळा पुष्कळ आणि प्रत्येकीतली मुले थोडी: २०० शाळा, प्रत्येकीत प्रत्येक वयाचे एक, अशी सात मुले. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांत त्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायच्या. जिल्हा परिषदेच्या, खासगी अनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे प्रमाणही सांभाळायचे. पुण्यात बसलेल्या एका विभागाला २०० गावे गाठणे परवडणार नाही. ज्या परिषदेचे सभासद गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत पसरले आहेत, तिला ते जमते. एका मुलाच्या व्यक्तिगत चाचणीला तास-सव्वा तास लागतो, दिवसाला तीनच धरा, म्हणजे एका शाळेला तीन दिवस. प्रशिक्षित सभासद ५० मिळाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार शाळा आणि बारा दिवस येतात. हे एका शैक्षणिक वर्षात आटोपते.

चुका होतात त्या मात्र संगणकापुढे नाही, शाळेच्या दारात. मुख्याध्यापकांना “सात मुले द्या” म्हटले की ते हुशार सात देतात, किंवा ज्यांच्याबद्दल त्यांची तक्रार आहे ती सात. म्हणून निवड हजेरीपटावरून, परिषदेने आधी पाठवलेल्या यादृच्छिक क्रमांकानेच करायची. निवडलेले मूल गैरहजर असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधायचे; लगेच पुढचा क्रमांक घ्यायचा नाही, कारण वरचेवर गैरहजर राहणारी मुलेच अशा नमुन्यातून गळतात. बीड आणि आसपासच्या भागात ऊसतोड कामगारांची मुले दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर निघतात ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत चाचण्या घेतल्या तर तो सगळा थर बाहेर राहतो आणि मानके उगाच उंच लागतात. चाचण्यांचे महिने जुलै ते सप्टेंबरच हवेत.

मग वय. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख किती मुलांची असते, ते कोणत्याही शिक्षकाला विचारा. प्रवेश घेताना सोयीसाठी टाकलेली तारीख जन्मभर चिकटते. मानके तीन-तीन महिन्यांच्या टप्प्याने काढायची असतील, तर अशी तारीख चालणार नाही. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला किंवा लसीकरणाचे कार्ड पाहायचे. तेही नसेल तर त्या मुलाची नोंद वेगळी ठेवायची.

चाचणीची जागाही ठरलेली असावी. मुख्याध्यापकांच्या खोलीत, शिपाई आत-बाहेर करत असताना, वर्गशिक्षिका शेजारी उभी राहून “अरे येतंय ना तुला” म्हणत असताना घेतलेली चाचणी टाकून द्यावी. चाचणीकारांचे प्रशिक्षण दोन दिवसांचे, त्यानंतर प्रत्येकाच्या पाच सराव चाचण्या, आणि त्यातल्या निदान एकीचे चित्रीकरण तपासलेले. नवख्यांच्या ठरलेल्या चुका तीन. कुठल्या प्रश्नापासून सुरुवात करायची आणि किती चुकांनंतर थांबायचे हा नियम मोडणे, “अजून सांग” असे चाचणीत सांगितले आहे त्यापेक्षा जास्त वेळा म्हणणे, आणि बेरीज. हो, बेरीज! म्हणून निदान १० टक्के, म्हणजे १४० उत्तरपत्रिका दुसऱ्या व्यक्तीने, पहिले गुण न बघता, पुन्हा तपासायच्या. दोघांचा मेळ ०.९च्या खाली आला तर त्या चाचणीकाराचे पुन्हा प्रशिक्षण. सेमी-इंग्रजी वर्गातली मुले अंक इंग्रजीत म्हणतात आणि गोष्ट मराठीत सांगतात. अंकविस्ताराच्या (ऐकलेले अंक लक्षात ठेवून म्हणण्याच्या) उपचाचणीत कोणत्या भाषेतले अंक द्यायचे हे आधी ठरवून सर्वांना लेखी कळवले नाही, तर पन्नास चाचणीकार पन्नास तऱ्हा करतात.

हे झाले क्षमताचाचण्यांचे. चिंता, नैराश्य, ताण यांच्या प्रश्नावल्यांची स्थिती वेगळी आहे. तिथे तुटवडा नाही, उलट सुळसुळाट आहे. नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरायला परवानगी लागत नाही आणि तिचे मराठी रूप उपलब्ध आहे. तरी विद्यार्थी आपले नवे भाषांतर करतात, त्यात “गेल्या दोन आठवड्यांत” हे शब्द गाळतात आणि नैराश्य धरण्याची १० गुणांची रेषा तशीच उचलतात. बेकची नैराश्य मोजपट्टी मात्र प्रकाशकाच्या मालकीची आहे. तिची भाषांतरित छायाप्रत वाटणे हे सरळसरळ स्वामित्वहक्काचे उल्लंघन आहे आणि अशा प्रती प्रबंधांच्या परिशिष्टांत राजरोस छापल्या जातात.

भाषांतराची शिस्त आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने घालून दिली आहे. मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ची. आधी हक्कधारकाची लेखी परवानगी. मग दोन जणांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरे, तिसऱ्याने त्यांचा घातलेला मेळ, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीने केलेले उलट भाषांतर आणि तज्ज्ञांची बैठक. बहुतेक लोक इथे थांबतात. खरे काम इथून पुढे आहे: वऱ्हाड, मराठवाडा, कोकण, पश्चिम महाराष्ट्र अशा प्रत्येक भागातल्या आठ-दहा सामान्य माणसांपुढे प्रश्न ठेवायचा आणि “तुम्हाला यातून काय कळले, तुमच्या शब्दांत सांगा” असे विचारायचे. मराठीत दोन खड्डे हमखास लागतात. एक, क्रियापदाचे लिंग. “मी लवकर घाबरतो” हे वाक्य बाईसमोर ठेवले की ती त्याचे उत्तर देण्याआधी अडखळते. “मला लवकर भीती वाटते” अशी रचना दोघांना चालते, किंवा दोन वेगळे छापील नमुने तरी हवेत. दुसरा, नकार. “मला कधीच एकटे वाटत नाही” याला “असहमत” म्हणायचे की “सहमत”, यात शिकलेली माणसेही गोंधळतात. अशी वाक्ये प्रश्नावलीत राहिली की विश्वसनीयता ढासळते आणि दोष भलतीकडे शोधला जातो. त्यानंतर ३०-५० जणांवर पूर्वचाचणी, मोठ्या नमुन्यावर घटक विश्लेषण (कोणते प्रश्न एकत्र जातात ते पाहणे) आणि दोन ते चार आठवड्यांनी पुनर्चाचणी. परिषदेने एवढेच ठरवले तरी पुष्कळ झाले: प्रत्येक साधनाचे एकच अधिकृत मराठी रूप, त्यावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख, परवानगीच्या पत्राची नोंद, कोणत्या वयासाठी आणि कोणत्या भागात तपासले त्याची नोंद, आणि ही सूची सर्वांना फुकट पाहायला खुली. गोव्यात मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेतल्या मुलाच्या घरात कोकणी असते, बेळगावात कन्नड कानावर असते. तिथे महाराष्ट्राची मानके डोळे मिटून लावू नयेत, छोटा वेगळा नमुना घेऊन ताडून पाहावे.

मनुष्यबळ नाही, हे कारण पटत नाही. चार वर्षांच्या पदवीत आता संशोधन प्रकल्प आला आहे, एम.ए.ला तर तो पूर्वीपासून आहे. या प्रकल्पांचा ठरीव साचा म्हणजे ३० मुलगे, ३० मुली आणि एक टी-परीक्षा, म्हणजे दोन सरासरींची तुलना. दोन गटांत मध्यम आकाराचा, म्हणजे अर्ध्या प्रमाण विचलनाचा (हे गुणांच्या पसाऱ्याचे माप) फरक खरोखर असेल, तरी एवढ्या नमुन्यात तो सापडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी असते. नाणे उडवल्यासारखेच. ८० टक्के शक्यता हवी तर प्रत्येक गटात ६४ लागतात, फरक लहान, म्हणजे एक पंचमांश प्रमाण विचलनाचा असेल तर सुमारे चारशे. हे एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले नाही. पण वीस महाविद्यालयांनी एकच साधन, एकच सूचनापत्र, एकच विश्लेषण आराखडा घेऊन प्रत्येकी ४० जणांची माहिती गोळा केली, तर ८०० होतात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प तरीही स्वतंत्र राहतो. जगात असे जाळे चालते. २०१४ साली ३६ ठिकाणांनी मिळून १३ जुने निष्कर्ष तपासले होते. २०१५च्या गाजलेल्या पुनर्तपासणीत मूळ १००पैकी ९७ टक्के अभ्यास ‘लक्षणीय’ (निव्वळ योगायोग वाटू नयेत असे) होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच तसे उरले. आपल्याकडच्या निष्कर्षांची अशी झाडाझडती घ्यायला आपलेच लोक लागतील.

नैतिक मान्यता हा इथला अडसर असतो, आणि तो परिषदच दूर करू शकते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीत ७ ते १५ सदस्य लागतात, निम्मे तरी संस्थेबाहेरचे आणि अध्यक्षही बाहेरचा. लहान गावच्या महाविद्यालयाला वकील, समाजकार्यकर्ता, सामान्य नागरिक असे सारे जमवणे अवघड जाते. मग ‘प्राचार्यांची परवानगी’ हीच नैतिक मान्यता ठरते. सामंजस्य करार करून दुसऱ्या संस्थेची समिती वापरता येते. विभागवार एक समिती परिषदेने पुढाकार घेऊन मिळवून दिली, तर वीस महाविद्यालयांचा एकच अर्ज एकदाच तपासला जाईल. मुलांवरच्या अभ्यासात पालकांची लेखी संमती तर हवीच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी अनुमती लागते, हे शाळांना समजावणे हेही कामच आहे.

नियतकालिकांबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता संस्थांवरच आली आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. तो भारतात मोफत मिळतो आणि फक्त ओळख पटवतो. अधिवेशनाच्या दिवशी वाटले जाणारे, दोनशे निबंधांचे जाडजूड पुस्तक कोणी तपासलेले नसते. त्यापेक्षा वर्षाला आठ लेख छापा, पण आराखडा माहिती गोळा करण्याआधी तपासून स्वीकारा आणि निकाल काहीही लागला तरी छापा. सोबतची माहिती नावे काढून झेनोडोसारख्या मोफत भांडारात ठेवता येते, कायमचा क्रमांकही मिळतो.

पैसा? प्रत्येक चाचणीला ५०० रुपये मानधन धरले तर १,४०० चाचण्यांचे ७ लाख होतात, प्रवास, छपाई आणि प्रशिक्षण मिळून तेवढेच आणखी. अधिवेशनाला ३०० प्रतिनिधी आणि प्रत्येकी १,५०० रुपये शुल्क असेल, तर एका अधिवेशनाचीच उलाढाल साडेचार लाखांची होते. अधिवेशने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. तरुणांना पहिल्यांदा उभे राहून बोलायला तीच जागा आहे. पण शाल-श्रीफळ, स्मरणिका आणि जेवणावळ यांत वर्षाची सगळी शक्ती जाऊ नये. आणि अनुदान मागायचे तर घर नीट हवे. आपल्याकडची विद्वत्संस्था बहुधा १८६०च्या कायद्याखाली सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी दोन्ही असते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, तो राहतो. पाच-सहा वर्षांनी बँक सह्या मान्य करत नाही, देणगीदार कागद मागतो तेव्हा जुन्या कार्यकारिणीचीच नावे निघतात, त्यातले दोघे हयात नसतात. आजीव वर्गणी कायम निधीत न ठेवता चालू खर्चात वापरणे हा दुसरा जुना रोग.

सुरुवात मात्र पैशाशिवायही करता येते. राज्यातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणि निवृत्त प्राध्यापकांच्या कपाटांत गेल्या साठ वर्षांत मराठीत बनवलेल्या चाचण्या, गुणपत्रके आणि हस्तलिखित तक्ते पडून आहेत. त्यांतली मूळ उत्तरपत्रके मिळाली, तर तेव्हाच्या आणि आताच्या मुलांतला फरक थेट मोजता येईल. जुन्या मानकांत किती गुणांची दुरुस्ती करायची, हे तिथूनच कळेल. परिषदेने प्रत्येक विभागात दोन सभासद नेमून या कागदांची यादी करावी, त्यांच्या प्रतिमा काढाव्यात. मुलांची नावे असलेले पान वेगळे करावे. आणि लेखक हयात नसेल तर हक्क ६० वर्षे वारसांकडे असतो हे लक्षात ठेवून, त्यांच्याकडून एका पानाचे संमतीपत्र आत्ताच घेऊन ठेवावे.

आपले,
मानसमापन शिकवणारे काही अध्यापक व चाचणीकार, पुणे